कोरडं बेअरिंग

बेअरिंग कोरडं पडलं होतं. बाकी काही नाही. पण आमच्या बाबांना वाटलं, आई वरून बोलावतेय, आणि त्यांनी हृदयाच्या गोळ्या घ्यायच्या बंद केल्या.

आता सांगा, माणसाचं डोकं फिरेल की नाही? मी रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करते. खाली दुकान, वर घर. कुणाची थाळी डुगडुगते, कुणाचा पट्टा सैल पडतो, कुणाची मोटर अशी घरघरते की गाण्यापेक्षा तीच जास्त ऐकू येते. लोक लांबून लांबून मशिनं उचलून आणतात. आणि माझ्याच डोक्यावर, बाबांच्या खोलीत, एक मशीन कण्हत पडलंय, आणि त्या कण्हण्याला माझा बाप वरचं बोलावणं समजतोय! मी ज्याला त्याला सांगत सुटले होते, पण ऐकतो कोण.

आई मी पाळण्यात असतानाच गेली. मला तिचा चेहरासुद्धा आठवत नाही. पण आवाज पाठ होता, कारण तो आमच्या घरात दर रविवारी सकाळी वाजायचा. मावशी, म्हणजे आईची थोरली बहीण, त्या काळी रेकॉर्ड कापायच्या कारखान्यात कामाला होती. समोर माणूस गातो आणि इकडे सुई लाखेच्या कोऱ्या तबकडीवर त्याचा आवाज कोरत जाते, ते काम. आई एकदा तिथे गेली आणि माझ्यासाठी पाळण्याचं गाणं म्हणून आली. मग आई गेली आणि तबकडी राहिली. मावशी चार दिवसांसाठी म्हणून आमच्याकडे आली ती कायमचीच राहिली. खालचं दुकान तिनं काढलं. माझ्या हातात पेचकसही तिनंच दिला.

काय आवाज होता तो! पातळ, कोवळा, वर चढताना जरासा थरथरणारा. दुसऱ्या कडव्यात एका जागी गाणारीनं आवंढा गिळल्यासारखं ऐकू यायचं. माझी त्या आवंढ्यावर फार माया. तिथे आईनं पाळण्यातल्या माझ्याकडे बघितलं असणार, असं मी लहानपणीच ठरवून टाकलं होतं. मावशीचा आवाज मात्र भरड. ती ओट्यापाशी गुणगुणायला लागली की बाबा खोलीतून ओरडायचे, "ताई, गाणं तुमच्या बहिणीकडे राहू द्या, तुम्ही आपले स्क्रू पिळा!" मावशी हसायची आणि गप्प व्हायची.

दुकानात मावशीचे दोन नियम होते. पहिला, थाळीची गती कानानं लावायची नाही, ठिपक्यांनी लावायची. ठिपक्यांची चकती थाळीवर ठेवायची, वर तो खास लुकलुकणारा दिवा धरायचा, आणि फिरताना ठिपके जागच्या जागी उभे दिसले की गती बरोबर. पुढे पळाले तर जास्त, मागे सरकले तर कमी. "कान लबाड असतो गं," ती म्हणायची, "त्याला जे ऐकायचं असतं तेच तो ऐकतो." दुसरा नियम, बाबांच्या मशीनला कुणी हात लावायचा नाही. त्याचं सगळं तीच बघायची. दर शनिवारी ती तबकडीसुद्धा पुसायला म्हणून खाली न्यायची आणि स्वतः वर आणून ठेवायची. त्या मशीनवर दुसरी रेकॉर्ड कधी लागली नाही. देवघरात कुणी चपला घालून जात नाही, तसं ते होतं.

पण मावशीचे हात कापायला लागले. आधी कपबशी वाजायची, मग पेचकस खाचेत बसेना. बेअरिंग उघडणं हे कापणाऱ्या हाताचं काम नव्हे. थाळीखालचा दांडा ज्या नळीत फिरतो तिच्या तळाशी वाटाण्याहून लहान पोलादी छर्रा असतो. सगळं वजन त्या छर्ऱ्यावर तोललेलं. तिथलं तेल वाळलं की दांडा घासतो, थाळी जड होते, पट्टा घसरतो, गती पडते. ती पडलीच. गाणं रविवारागणिक खाली खाली यायला लागलं, मध्येच हेलकावे खायला लागलं. मी म्हटलं, मावशी, मला उघडू दे. ती म्हणाली, तोफे, हात लावलास तर याद राख. मला घरात तोफ म्हणतात. का म्हणतात ते कळलंच असेल.

बाबांची नजर गेली त्याला बरीच वर्षं झाली. त्यांचं जे काही आहे ते कानात. एका रविवारी गाणं संपल्यावर ते म्हणाले, "दमलीय ती." पुढच्या रविवारी म्हणाले, "तिला एकटीला कंटाळा आलाय." आणि त्यानंतर मावशीनं सकाळची गोळी पुढे केली तर तोंड फिरवलं.

"बाबा, गोळी घ्या."

"नको. ती बोलावतेय, आणि मी इथे गोळ्या खात बसू?"

"अहो, बेअरिंगमध्ये तेल नाहीये!"

"तुला बाई सगळीकडे तेलच दिसतं."

डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, या गोळ्या थांबवून चालणार नाही, हा माणूस आज ना उद्या बसल्या जागी जाईल. मी रागावले, रडले, ताट आपटलं. गोळी चुरून चहात घातली तर त्यांनी चहा सोडला. चेहरा शांत, काय विचारू नका. मावशी सकाळ-दुपार-संध्याकाळ गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन दारात उभी राहायची, आणि तशीच परत जायची.

मग मात्र माझ्या डोक्यात तिडीक गेली. शनिवारी दुपारी मावशी डॉक्टरांकडे गेली आणि बाबा झोपले होते, तेवढ्यात मी मशीन उचललं आणि सरळ खाली दुकानात आणलं. गेला खड्ड्यात तो नियम, म्हटलं. बाप आधी.

थाळी निघता निघेना. तेलाचा डिंक झाला होता. दांडा ओढून काढला तर छर्रा एका बाजूनं घासून चपटा. नळी इतकी झिजलेली की दांडा आत हलत होता. मी स्वतःवरच चरफडले. नळीत नवं अस्तर बसवलं, नवा छर्रा टाकला, तेलाचे थेंब सोडले, नवा पट्टा काढला. तो चढवायला मोटरची पुली बघितली आणि कपाळाला हात लावला.

पुलीवर पितळी बुश होतं. म्हणजे पुली जाड करायला तिच्यावर चढवलेली नळी. पुली जाड झाली की पट्टा जास्त पळतो आणि थाळी जोरात फिरते. सोल्डरिंगच्या तापल्या सळईनं ऊब देऊन ते सरकवलं तर आत आणखी एक. त्याच्या आत आणखी! सगळ्यात आतलं काळं पडलेलं, मधलं मळकट, वरचं अजून पिवळंधमक. मी समजले. कुण्या शहाण्यानं बेअरिंग साफ करायचं सोडून, गती पडली की चढव बुश, पडली की चढव बुश, असा उद्योग केला होता. आमच्या धंद्यात अशी माणसं पैशाला पासरी मिळतात. काम मात्र सुबक होतं, लेथवर कातलेलं, कुठे ओरखडा नाही. त्याचंच जरा नवल वाटलं, आणि मावशीनं हे चालू कसं दिलं त्याचंही. पण घाई होती. तिन्ही बुशं स्क्रूच्या डब्यात टाकली, पट्टा चढवला, ठिपक्यांची चकती ठेवून दिवा धरला. ठिपके असे उभे राहिले, जणू रंगवलेत. बोटानं थाळीला ढकललं तर आवाज न करता कितीतरी वेळ फिरत राहिली. मी एकटीच टाळ्या पिटल्या.

तबकडी लावून बघितली नाही. एक तर तिला रविवारशिवाय सुई लावायची नाही, हे अंगात मुरलेलं. आणि दुसरं, ठिपके उभे राहिल्यावर ऐकायचं काय शिल्लक राहतं? मशीन होतं तिथे नेऊन ठेवलं. मावशीला सांगितलं नाही. म्हटलं, उद्या तोंडात बोट घालेल.

रविवार उजाडला. बाबांना खुर्चीत बसवलं, अंगावर शाल टाकली. रात्रीतून ते आणखी वाळल्यासारखे दिसत होते. मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "बाबा, आज नीट ऐका. आज आई दमलेली नसेल. आणि नसली तर गोळी घ्यायची. कबूल?"

ते हसले. "ती दमलेली नसेल तर मला कुठे जायची घाई आहे? कबूल."

मावशी नेहमीसारखी दारात आली, एका हातात पेला, दुसऱ्या हातात गोळ्यांची पट्टी. मी बटण दाबलं. थाळी गरगर निघाली, हूं नाही की चूं नाही. मावशीची नजर थाळीवर गेली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. "तू ते उघडलंस?" ती म्हणाली. इतकं हळू की मला वाटलं, कौतुकच आहे. मी सुई टेकवली.

आणि मावशी गायला लागली.

मी मागे वळून बघितलं. मावशी दारात उभी होती आणि तिचं तोंड मिटलेलं होतं. गाणं मशीनच्या पेटीतून येत होतं. तेच गाणं, तेच शब्द, आणि आवाज मावशीचा. भरड, खालच्या पट्टीतला, ओट्यापाशी गुणगुणतो तोच. मी थाळीकडे बघते, मावशीकडे बघते, पुन्हा थाळीकडे. माझं काही चुकलं का? चुकीची तबकडी का? लेबल तर तेच होतं, कोपरा फाटलेलं, आईच्या अक्षरातलं.

बाबांनी कपाळाला आठी घातली. "ताई," ते म्हणाले, "मध्येमध्ये गाऊ नका हो. तिला गाऊ द्या."

पेटी गातच होती.

"ताई, ऐकलंत का? तुमच्या आवाजात मला ती ऐकूच येत नाहीये. जरा गप्प बसा ना."

"मी गात नाहीये, भावोजी," मावशी म्हणाली.

ती हे बोलली तेव्हा पेटीतला आवाज थांबलेला नव्हता. एकच आवाज दोन ठिकाणांहून आला, दारातून आणि पेटीतून. बाबांचं तोंड उघडंच राहिलं. त्यांनी मान आधी दाराकडे वळवली, मग मशीनकडे, मग पुन्हा दाराकडे. आंधळ्या माणसाचा चेहरा इतका घाबरलेला मी कधी पाहिला नव्हता. तेवढ्यात दुसरं कडवं आलं, ती जागा आली, आणि पेटीतल्या मावशीनं आवंढा गिळला.

माझा तो आवंढा! माझ्या आईचा! मी किंचाळलेच, "मावशी, हे काय आहे? काय आहे हे?"

पेला तिच्या हातात इतका हलत होता की पाणी हिंदकळून फरशीवर सांडलं. तिनं तो खाली ठेवला नाही. "बुशं कुठे टाकलीस?" तिनं विचारलं.

"स्क्रूच्या डब्यात. ती... ती तू चढवली होतीस?"

"मग काय, भुतानं?"

"ताई," बाबा म्हणाले. "तिची तबकडी कुठेय?"

मावशीनं दाराच्या चौकटीला पाठ टेकली. मग सांगितलं ते सगळं उभ्यानं, बाबांकडे बघत, जणू कामाचा हिशेब देतेय.

"ती पहिल्याच वर्षी संपली, भावोजी. लाखेची तबकडी ती. दर वेळी सुई तिच्यातलं थोडंथोडं खरवडून नेते. तुम्ही रात्रंदिवस लावत होतात. जेवत नव्हतात, या पोरीकडे बघत नव्हतात, फक्त सुई उचलायची आणि पुन्हा सुरुवातीला ठेवायची. मी सांगितलं नव्हतं का, जपून लावा म्हणून? माझं ध्यानात आलं तोवर तिच्यावर खरखर उरली होती. नक्कल काढायला नेली, तर नक्कल काढण्याजोगं काही राहिलंच नव्हतं. तुम्हाला अजून ऐकू यायचं. मला नाही यायचं."

"मीच संपवली?" बाबा म्हणाले. "मी?"

"आठवडाभरात तुम्हालाही ऐकू यायचं बंद झालं असतं. मग तुम्ही काय केलं असतंत ते मला दिसत होतं. पोर पाळण्यात होती. म्हणून मी कारखान्यात उभी राहिले आणि स्वतः गायले. माझा आवाज जाड. मग पुलीवर बुश चढवलं, थाळी जोरात पळवली, की आवाज बारीक होतो, कोवळा होतो. थेट तिच्यासारखा नाही झाला. पण तुम्हाला तो ऐकायचाच होता, म्हणून तुम्ही ऐकलात. एका बैठकीत ढीगभर तबकड्या कापून ठेवल्या. रविवारशिवाय लावायची नाही असा नियम केला, आणि एक झिजली की शनिवारी दुसरी, लेबल भिजवून सोडवायचं आणि नवीवर चिकटवायचं. ढीग संपला की पुन्हा गायचं."

"पण तीन बुशं..." मी म्हटलं. म्हणता म्हणताच मला कळलं. मावशी म्हातारी होत गेली होती. दर खेपेला तिचा आवाज आणखी खाली उतरला होता, आणि दर खेपेला तिनं पुली थोडी आणखी जाड केली होती. मी ज्याला कुण्या गाढवाचं काम म्हणून शिव्या घातल्या, ते तिचं वय होतं, थरावर थर.

"आणि तो आवंढा?" मी विचारलं. मला रडू फुटत होतं आणि रागही आवरत नव्हता. "तोसुद्धा दर वेळी ठरवून गिळायचीस?"

"तो नव्हता गं ठरवलेला," मावशी म्हणाली. "दर वेळी तिथेच यायचा."

मी मटकन खाली बसले. काय वाटलं ते कसं सांगू? मला आई होती ती एका आवाजापुरती, आणि तीही एका क्षणात गेली. माझी आई आत्ता, माझ्या हातानं, ठिपके अगदी बरोबर उभे करून मेली. मावशीच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. तिच्या कुशीत शिरावंसंही वाटलं. दोन्हीपैकी एकही केलं नाही, नुसती फरशीवरच्या पाण्यात बसून राहिले.

गाणं संपलं होतं. सुई तबकडीच्या आतल्या रिकाम्या खाचेत फिरत होती, टक, टक, टक. उचलायचं कुणाला सुचलं नाही. बाबांचा हात छातीवर गेला. गोळ्या बंद केलेला माणूस, आणि त्याला हा धक्का. केलं मीच. मारलं मी बापाला, दुसरं काय!

"बाबा!"

त्यांनी मला हातानं गप्प केलं. "म्हणजे ती कधी दमलीच नाही," ते सावकाश म्हणाले. "ती कधीच गेली होती. दमल्या होत्या त्या तुम्ही."

मावशीनं गोळ्यांची पट्टी मुठीत आवळली.

"आणि मला जी बोलावत होती..." ते थांबले. "ताई, तुम्ही मला बोलावत होतात?"

"मी कशाला बोलावू?" मावशी एकदम भडकून म्हणाली. इतक्या वर्षांत तिचा आवाज त्यांच्यावर चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. "मी कुठे गेलेय तुम्हाला बोलवायला? मी इथेच आहे! दिवसातून तीनदा तुमच्यासमोर गोळी घेऊन उभी असते, आणि तुम्ही तोंड फिरवता!"

ते ऐकून बाबा हादरले. खरंच हादरले, खुर्चीचे हात धरले त्यांनी. तो आवाज आता त्यांना ओळखू येत होता. पातळ नव्हता, कोवळा नव्हता, वरून येत नव्हता. दारातून येत होता. त्यांच्या डोळ्यांना दिसत काही नव्हतं, पण पाणी मात्र आलं, गालावरून शालीवर उतरलं, आणि त्यांनी ते पुसलं नाही.

मग त्यांनी दाराच्या दिशेनं हात पुढे केला, तळवा वर करून.

"द्या," ते म्हणाले.

मावशी पुढे आली. पेला तिनं मशीनच्या बाजूला ठेवला आणि पट्टीतली गोळी काढायला लागली. बोटं कापत होती. अंगठा गोळीवरून घसरायचा, चांदीचा कागद फाटेना. एकदा, दोनदा, पट्टी हातातून निसटून खाली पडली. मी झटकन उचलली आणि गोळी काढणार, एवढ्यात बाबा बोलले. कागदाच्या आवाजावरून त्यांना काय चाललंय ते कळलं असावं.

"तू नको, तोफे. त्यांच्याकडे दे पट्टी. त्यांना काढू दे. त्या काढेपर्यंत मी थांबतो."